संसार सावरण्याची विद्या



परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघर एकच चर्चा सुरू होते. मुलानें पुढें काय शिकावें, मुलीला कोठें घालावें, कोणत्या शिक्षणानें चार पैसे लवकर हातीं येतील ? वैद्यकी, यंत्रविद्या, हिशेबनिशी, वकिली अशी यादी तयार होते. या यादींत एक विद्या बहुधा येत नाहीं. अडचणींत सांपडलेल्या कुटुंबाला व वस्तीला पुन्हां उभें राहण्यास साहाय्य कसें करावें, हें शिकविणारी ती विद्या होय. विद्यापीठांतून तिला समाजकार्य असें नांव आहे. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. उभा जन्म प्राथमिक शाळेंतील मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यांत गेला. अशा माणसानें पदवीच्या विद्येविषयीं बोलावें, हें कोणास विपरीत वाटेल. परंतु शिक्षकाच्या हातीं एक पुस्तक असें असतें कीं, जें विद्वानांच्या ग्रंथालयांत मिळत नाहीं. तें म्हणजे हजेरीपट. घरांत कांहीं बिघडलें कीं त्याची पहिली खूण पुष्कळदां हजेरीपटावर उमटते. बाप अंथरुणाला खिळला, आई माहेरीं निघून गेली, सावकार दारीं येऊन बसला, कीं मुलाच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. ही खूण वाचावयास शिक्षक शिकतो. पण ती वाचल्यावर त्या घरासाठीं नेमकें काय करावें, हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. तें शिकविणारी विद्या आहे असें कळल्यावर तिची चौकशी करणें मला अगत्याचें वाटलें.

या विद्येवर पहिला आक्षेप असा घेतात कीं, ‘दुसऱ्याला मदत करणें ही मनाची गोष्ट, तिच्यासाठीं महाविद्यालय कशाला? आमच्या आजीनें गल्लींतल्या दहा घरांचीं भांडणें मिटविलीं. तिनें कोणती पदवी घेतली होती?’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. आजीपाशीं एक अमोल साधन होतें. ती त्या गल्लीला चाळीस वर्षें ओळखत होती, आणि गल्ली तिला ओळखत होती. पण नातू नोकरीसाठीं पिंपरीच्या कारखान्यांत गेला, नात लग्न होऊन भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तींत आली. तिच्या शेजारच्या चार घरांत चार निरनिराळ्या भाषा चालतात. तेथें आजी नाहीं. तेथें मदतीस जो जाईल तो परकाच असणार. परक्या माणसानें परक्या उंबरठ्याच्या आंत जाऊन विश्वास कसा मिळवावा, काय विचारावें, काय विचारूं नये, कोणत्या दारीं अर्ज करावा आणि केव्हां बाजूला व्हावें, हें केवळ सहृदयतेनें साधत नाहीं. रोग्याचा ताप पाहून दयाळू माणसाला वाईट वाटतें. पण ताप कशाचा आहे हें सांगावयास वैद्य लागतो. दया ही या कामाची सुरुवात आहे. तिलाच काम समजलें म्हणजे घोटाळा होतो.

आपल्या महाराष्ट्रांत हें काम नवें नाहीं. सन १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. संकटांत सांपडलेल्या विधवेनें येथें यावें, सुरक्षितपणें बाळंत व्हावें, आणि मूल जगवावें, अशी ती योजना होती. त्या काळीं उपदेश करणारे पुष्कळ होते. फुले दांपत्यानें उपदेशाऐवजीं एक दार उघडलें. पुढें १८८९ मध्यें पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन स्थापिलें. १८९६ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन उभें राहिलें, आणि तेथें स्त्रियांना परिचारिकेचेंहि शिक्षण मिळूं लागलें. १९११ मध्यें नारायण मल्हार जोशी यांनीं मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली. या थोर मंडळींनीं कोणत्याहि विद्यापीठांत समाजकार्याचा अभ्यास केला नव्हता; ती विद्या त्यांनीं प्रत्यक्ष कामांतून मिळविली. पण अनुभवाची एक अडचण असते. तो लिहून, तपासून, दुसऱ्यास शिकवून ठेवला नाहीं तर माणसाबरोबर जातो, आणि पुढल्या माणसाला पहिल्या पायरीपासून चढावें लागतें. तें टाळावें म्हणूनच या कामाची शाळा निघाली.

ही शाळा प्रथम परदेशांत निघाली. लंडनच्या पूर्व भागांतील दरिद्री वस्तींत १८८४ मध्यें टॉयन्बी हॉल नांवाचें घर उघडलें, आणि विद्यापीठांतील तरुण तेथें गरिबांच्या शेजारीं राहावयास गेले. तोच कित्ता शिकागो शहरांत १८८९ मध्यें जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार यांनीं हल हाउस काढून गिरविला. परंतु या कामाला शास्त्राचें रूप देण्यांत जिचा मोठा वांटा आहे, ती मेरी रिचमंड नांवाची अमेरिकन बाई. बाल्टिमोर शहरांतील एका धर्मादाय मंडळांत १८८९ मध्यें ती साहाय्यक खजिनदार म्हणून लागली. मंडळाच्या वतीनें गरिबांच्या घरीं जाणारे लोक मनानें चांगले असत. पण केवळ चांगल्या मनानें भागत नाहीं, हें तिच्या ध्यानांत आलें. १८९७ मध्यें टोरोंटो येथील परिषदेंत तिनें या कामाच्या शिक्षणासाठीं शाळा हवी अशी मागणी केली. आणि पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें उन्हाळ्यांत सहा आठवड्यांचा वर्ग भरला. १९१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘सोशल डायग्नोसिस’ या तिच्या ग्रंथांत कुटुंबाची अडचण कशी तपासावी, कोणता पुरावा किती विश्वासाचा मानावा, याचें सविस्तर विवेचन आहे. हिचें स्वतःचें शालेय शिक्षण हायस्कुलाबरोबर संपलें होतें. म्हणजे जिनें ही विद्या शास्त्रशुद्ध केली, तीहि आमच्या मॅट्रिकच्या फारशी पुढें गेलेली नव्हती. पण तिनें शिकणें सोडलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे या शिक्षणाचा प्रारंभ १९३६ सालीं मुंबईस झाला. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या कामगारवस्तींत शेजारघर चालवीत होते. त्यांच्या कल्पनेला सर दोराबजी टाटा यांच्या नांवच्या न्यासानें आधार दिला, आणि समाजकार्याची पहिली उच्च शाळा निघून तेच तिचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्यें तिला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. आज ती देवनार येथें आहे. यानंतर मुंबईस १९५५ मध्यें निर्मला निकेतन व पुण्यास १९६३ मध्यें कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. आतां महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत हें शिक्षण मिळतें.

पण तेथें शिकवितात काय ? हें नुसती विषयांची यादी वाचून कळणार नाहीं. म्हणून एक घर कल्पनेनें आपल्यासमोर मांडतों.

बीड जिल्ह्यांतलें एक कोरडवाहू गांव समजा. दसरा जवळ आला आहे. साखर कारखान्यांचा हंगाम उघडण्यास पंधरा दिवस उरले आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवराबायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादम कोयत्याच्या हिशेबानें आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ती पुढें तोडलेल्या उसाच्या वजनावर फिटते. न फिटली तर दुसऱ्या हंगामावर चढते. आतां या गांवांतील एका घरीं बाप गेल्या वर्षीं वारला. मागें आई, आठवींत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी, धाकटा मुलगा आणि दृष्टि अधू झालेली आजी. बापानें घेतलेल्या उचलीची बाकी मुकादम आईकडे मागत आहे. एकटी आई म्हणजे अर्धा कोयता. मग घरांत दोनच वाटा दिसूं लागतात : एक, मुलीला शाळेंतून काढून आईबरोबर फडावर न्यावें; दोन, तिचें लग्न उरकून टाकावें, म्हणजे ती जबाबदारी सासरची. मुलगी आठ दिवस शाळेंत आलेली नाहीं.

या घरीं चार माणसें मदतीला गेलीं असें समजूं. पहिला उदार आहे. त्यानें धान्याचें एक पोतें आणि हजार रुपये दिले. धान्य महिन्यांत संपलें. दोन वाटा होत्या तेथेंच राहिल्या. दुसरा विद्वान आहे. त्यानें मुलींच्या शिक्षणाचें महत्त्व समजावून सांगितलें. आजीनें निमूटपणें ऐकून घेतलें आणि शेवटीं म्हटलें, ‘खरं हाय तुमचं, दादा. पर ह्या पोरीला एकली घरात ठिवून तिच्या मायनं फडावर कसं जावं, ते बी सांगा.’ विद्वानापाशीं उत्तर नव्हतें. तिसरा तापट आहे. त्यानें पोलिसांची धमकी दिली. परिणाम एवढाच कीं, लग्न ठरणार असेल तर तें आतां गुपचूप, परगांवीं, रातोरात होईल.

चौथी शिकलेली समाजकार्यकर्ती आहे. ती ओसरीवर बसली आणि म्हणाली, ‘आजी, घरचं कसं चाललंय ?’ मग ती बराच वेळ ऐकत राहिली. ऐकणें ही या अभ्यासांतील पहिली आणि सर्वांत अवघड क्रिया होय. आम्ही शिक्षक तर बोलण्याचा पगार घेणारे. म्हणून ही क्रिया किती कठीण आहे हें मला चांगलें ठाऊक आहे. ऐकतां ऐकतां तिनें कांहीं गोष्टी जाणून घेतल्या. बापाच्या मृत्यूची नोंद झाली आहे काय व दाखला घरांत आहे काय ? शिधापत्रिकेवर आईचें नांव आहे काय ? शेताचा तुकडा असेल तर वारसनोंद झाली आहे काय ? उचलीची बाकी किती, आणि ती कोठें लिहिलेली आहे काय ? या घरांत शब्द कोणाचा चालतो : आजीचा, चुलत्याचा कीं मामाचा ? आणि सर्वांत शेवटीं, मुलीजवळ एकांतांत बसून : तुला स्वतःला काय हवें आहे ? हा शेवटचा प्रश्न पहिल्या तिघांपैकीं कोणीच विचारला नव्हता.

या चौकशीवरून अडचणीचे तुकडे पडतात, आणि तुकडा पडला कीं त्याला हात घालतां येतो. आईला विधवा म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून मासिक साहाय्य मागतां येईल. त्यासाठीं तहसील कचेरींत अर्ज हवा, आणि अर्जाला मृत्यूचा दाखला हवा. वडील गमावलेल्या मुलांसाठीं सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें बालसंगोपन योजना आहे. तिची वाट जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडून जाते. पण हे अर्ज मंजूर होण्यास कित्येक महिने लागतात, आणि फड तर पंधरा दिवसांत उघडणार ! येथें शिक्षणाचा खरा कस लागतो. आज काय करावयाचें, या महिन्यांत काय आणि या वर्षांत काय, असा क्रम तिला लावावा लागतो. आज : मुलीसाठीं स्थलांतरित मजुरांच्या मुलांकरितां चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत किंवा तालुक्याच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत सोय होते काय तें पाहणें, आणि आजीच्या देखरेखीला नात्यांतलें कोणी मिळतें काय याची विचारपूस करणें. या महिन्यांत : दाखला काढून अर्ज दाखल करणें. या वर्षांत : उचलीचा हिशेब लेखी करून घेणें, कारण कर्जापोटीं माणसाला कामाला जुंपून ठेवणें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें बंद केलें आहे, आणि पुष्कळ घरांना याची वार्ताहि नसते.

आणि एवढें करूनहि लग्न ठरलेंच तर ? तर कार्यकर्तीला स्वस्थ बसतां येत नाहीं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणें मुलीचें वय अठरा व मुलाचें एकवीस पूर्ण हवें. कायद्यानें नेमलेल्या प्रतिबंधक अधिकाऱ्यास कळविणें, किंवा १०९८ या दूरध्वनि क्रमांकावर सांगणें, हें तिचें कर्तव्य ठरतें. मुलांच्या मदतीची ही दूरध्वनि सेवा १९९६ मध्यें मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पांतून सुरू झाली, आणि पुढें देशभर पसरली. तापट गृहस्थाच्या धमकींत आणि या कळविण्यांत फरक आहे. त्यानें कायदा काठीसारखा आधीं उगारला. हिनें घराला दुसरी वाट काढून दिली, आणि कायदा मुलीच्या पाठीशीं उभा केला.

आतां अभ्यासक्रमांतील विषयांचा अर्थ आपोआप कळेल. मानसशास्त्र कशासाठीं ? तर भ्यालेलें माणूस रागावल्यासारखें वागतें आणि खचलेलें माणूस आळशासारखें दिसतें, हें ओळखण्यासाठीं. समाजशास्त्र कशासाठीं ? तर ज्या घरीं आपण बसलों आहों, त्याची अडचण त्या एका घराची कीं साऱ्या तांड्याची, हें कळण्यासाठीं. कायदा व शासनाच्या योजना कशासाठीं, हें वर पाहिलेंच. कामाच्या मुख्य पद्धति तीन. एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करावयाचें तें व्यक्तिसाहाय्य. समान अडचणीच्या माणसांना एकत्र बसवून करावयाचें तें गटकार्य. आणि सगळ्या वस्तीनें मिळून आपला प्रश्न हातीं घ्यावा म्हणून करावयाचें तें समुदाय संघटन. एका मुलीची सोय लागली हें व्यक्तिसाहाय्य झालें; पण गांवांतील सर्व तोडकरी बायांनीं मिळून वसतिगृह वेळेवर उघडण्याची मागणी केली, तर पुढल्या वर्षीं वीस मुलींची सोय लागेल.

या शिक्षणाचा अर्धा जीव वर्गाबाहेर असतो. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. आठवड्यांतून ठराविक दिवस विद्यार्थ्यानें रुग्णालयांत, वस्तींत, बालगृहांत किंवा न्यायालयाच्या समुपदेशन केंद्रांत जावें, काम करावें, आणि घडलें तें लिहून काढावें. ती वही त्याचे शिक्षक त्याच्यासमोर बसून वाचतात आणि विचारतात : येथें तूं सल्ला कां दिलास ? समोरचा माणूस गप्प झाला तेव्हां तूं घाईनें विषय कां बदललास ? या तपासणींतून विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या घराबरोबर स्वतःच्या मनाचीहि ओळख होते. ज्याला दारूड्या माणसाचा स्वभावतःच तिटकारा आहे, त्यानें तो तिटकारा ओळखून बाजूला ठेवावयास शिकलें पाहिजे. नाहीं तर मदतीस गेलेला माणूस न्यायाधीश होऊन परत येतो.

गुप्तता हा आणखी एक धडा. घरानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट चावडीवर जातां कामा नये. लहान गांवांत हें पाळणें किती कठीण, तें गांवांत राहणारासच कळेल. परंतु गुप्ततेलाहि मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें पोलिसांना कळविणें प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथें ‘मी शब्द दिला होता’ हें उत्तर चालत नाहीं. म्हणून जाणता कार्यकर्ता खोटें वचन देतच नाहीं. कोणती गोष्ट आपल्यापाशीं राहील आणि कोणती राहूं शकणार नाहीं, हें तो आधींच सांगतो.

आतां पालकांच्या मनांतील प्रश्न : शिकून पुढें काय ? बारावीनंतर बी. एस्. डब्ल्यू. ही पदवी तीन वर्षांची असून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें चार वर्षांचीहि असते. कोणत्याहि शाखेच्या पदवीनंतर एम्. एस्. डब्ल्यू. दोन वर्षांत करतां येते. घर सोडतां येत नाहीं अशांसाठीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें घरीं राहून शिकण्याची सोय केली आहे. पण क्षेत्रकार्य तेथेंहि सुटत नाहीं, आणि सुटूंहि नये. प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं संस्थेस एवढें अवश्य विचारावें कीं, क्षेत्रकार्य कोठें होतें, आणि विद्यार्थ्याची वही कोण तपासतो ? या प्रश्नाला जेथें नीट उत्तर मिळत नाहीं, तेथें पदवीचा कागद मिळेल, विद्या मिळेलच असें नाहीं.

कामाचीं ठिकाणें पुष्कळ आहेत. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजकार्यकर्ते असतात. १९८४ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. त्याच वर्षीं मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरींत स्त्रिया व मुलांसाठीं पहिला विशेष कक्ष उघडला. छळ सोसणारी बाई पोलिसांच्या दारीं आली असतां तिचें म्हणणें ऐकावयास शिकलेला समाजकार्यकर्ता तेथेंच असावा, हा त्यांतला हेतु. पुढें असे कक्ष महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतहि निघाले. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानें संरक्षण अधिकारी हें पद निर्माण केलें. जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष आहेत. शिवाय १९७५ मध्यें सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतील अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतर नेमलेल्या आशा कार्यकर्त्या पदवीशिवायहि हेंच काम गांवोगांव करीत आहेत. त्यांच्यापैकीं ज्यांना पुढें शिकावयाचें असेल, त्यांच्या अनुभवाचें मोल कोणत्याहि नव्या विद्यार्थ्यापेक्षां अधिक आहे.

परंतु मी गुळाचें बोट लावून कोणाला या वाटेवर ढकलणार नाहीं. यांतील पुष्कळ जागा कंत्राटी आहेत. पगार बेताचा, आणि तो वेळेवर मिळेल याचाहि सर्वत्र भरंवसा नाहीं. एका कार्यकर्त्याच्या वांट्याला येणारीं घरें फार, आणि वहींतलीं कोष्टकें त्याहून फार. दुसऱ्याचें दुःख दिवसभर ऐकून रात्रीं झोंप उडते. म्हणून सहकाऱ्यांपाशीं मन मोकळें करणें आणि विश्रांति घेणें, हेंहि या विद्येंत शिकवितात. समाजहि यांत दोषी आहे. पूल बांधणाऱ्याला आपण विचारीत नाहीं कीं, हें काम तूं फुकट कां करीत नाहींस. पण मोडलेलें घर सांधणाऱ्यानें पगार मागितला कीं आपल्याला त्याच्या सेवाभावाची शंका येते. सेवेचें कौतुक करून सेवकाला उपाशी ठेवण्याची ही रीत सुटेपर्यंत हुशार मुलें या वाटेनें कमीच येतील, आणि त्याची किंमत त्या आठवींतल्या मुलीसारख्या मुलींनाच भरावी लागेल.

मग यावें कोणीं ? ज्याला चटकन् आभार हवे असतात त्यानें येऊं नये. ज्याला आपलेंच खरें करण्याची खोड आहे त्यानेंहि येऊं नये. कुटुंबानें विचारपूर्वक घेतलेला निर्णय आपल्याला पसंत नसला, तरी त्यांत कोणाला इजा होत नसेल तर त्याचा मान राखावा लागतो. संसार त्यांचा असतो. ज्याला माणसाविषयीं कुतूहल आहे, जो कागदपत्रांना कंटाळत नाहीं, जो ऐकून घेतो आणि सांगितलेल्या दिवशीं परत येतो, त्यानें अवश्य यावें. यांतील परत येणें हा गुण लहान समजूं नका. ज्या घरीं अनेकांनीं आश्वासनें देऊन पाठ फिरविली, तेथें ‘मंगळवारीं येतें’ म्हणून मंगळवारीं येणारी बाई हीच पहिली मदत असते.

शेवटीं एकच सांगतों. वैद्याचें यश रोगी पुन्हां न येण्यांत, आणि शिक्षकाचें यश विद्यार्थी त्याच्याविना वाचूं लागण्यांत. समाजकार्याचेंहि तसेंच आहे. त्या आईनें पुढल्या वर्षीं स्वतःच तहसील कचेरींत जाऊन अर्जाची चौकशी केली, आणि शेजारणीला बरोबर नेऊन तिचाहि अर्ज भरून दिला, म्हणजे कार्यकर्तीचें काम फळास आलें. तेव्हां यंदा आपल्या घरीं पुढल्या शिक्षणाची यादी कराल, तेव्हां तींत या विद्येचेंहि नांव लिहा. घरांतला मुलगा किंवा मुलगी तें नांव वाचून थांबली, तर हंसूं नका. तिच्याशीं बोला, आणि तिचें ऐकून घ्या.